पिवळी रेघ हलवायची नाही : मेंदूच्या एमआरआयमधली श्वेतद्रव्याची सीमा आणि तिची दुरुस्ती

मागच्या व्याख्यानात आपण भ्रमाची चर्चा करत होतो. शिंपला पाहिला आणि चांदी वाटली, दोरी पाहिली आणि साप वाटला, ही आपल्याकडची जुनी उदाहरणं. ती इतकी वापरून गुळगुळीत झाली आहेत की ऐकणाऱ्याला आता त्यात काही धोका जाणवत नाही. शिंपला चांदी वाटला तर बिघडलं काय? खाली वाकून उचलला की कळतंच. म्हणून आज आपण असा भ्रम घेऊ, की जिथे वाकून उचलायची सोय नाही. पाहणारा इथे माणूस नाही, संगणकावरचा एक प्रोग्रॅम आहे. आणि पाहायची वस्तू म्हणजे जिवंत माणसाचा मेंदू.

विषय रुक्ष वाटेल याची आम्हांला कल्पना आहे. एमआरआयच्या चित्रात मेंदूतल्या श्वेतद्रव्याची जी सीमा प्रोग्रॅम आखतो, ती कुठे चुकते आणि ती दुरुस्त कशी करतात, एवढाच तो विषय. पण प्रमाण, संशय, दृष्टान्त, बाध हे शब्द आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं वापरत आलो, ते इथे अक्षरशः कामाला जुंपलेले दिसतात. आणि या कामात चूक झाली तर ती एखाद्या आजाराविषयीच्या निष्कर्षात जाऊन बसते.

आधी पडद्यावर काय दिसतं ते पाहू. मेंदूचा एक काप आहे, समोरून पाहिल्यासारखा. मध्ये उजळ भाग, तो श्वेतद्रव्य, म्हणजे व्हाइट मॅटर. मज्जातंतूंच्या लांब तारा आणि त्यांच्यावरचं मायलिनचं स्निग्ध आवरण यामुळे तो या प्रकारच्या चित्रात उजळ दिसतो. त्याच्याभोवती करड्या रंगाची, घड्याघड्यांची साल आहे, ती कॉर्टेक्स. तिच्याबाहेर काळं दिसतं ते पाणी, मेंदूभोवतीचा द्रव. आता या चित्रावर दोन रेघा आहेत. एक पिवळी, श्वेतद्रव्य संपून करडं द्रव्य सुरू होतं तिथे. दुसरी लाल, करडं द्रव्य संपतं तिथे. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या जागी कॉर्टेक्सची जाडी. माणसात ही जाडी साधारण १ ते ४.५ मिलिमीटर असते, सरासरी धरली तर अडीचच्या आसपास.

आता गंमत बघा. ज्या चित्रावरून हे मोजायचं, त्यातला सगळ्यात लहान ठोकळा, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तोच सहसा १ मिलिमीटरचा असतो. म्हणजे अडीच ठोकळ्यांची जाडी मोजायची आहे. पिवळी रेघ अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली, की जाडीत एकपंचमांश फरक पडला. अल्झायमरमध्ये कॉर्टेक्स पातळ होतो, हंटिंग्टनच्या आजारात अमुक भागात आधी पातळ होतो, असं जेव्हा आपण वाचतो, तेव्हा त्या विधानाचं सगळं ओझं या दोन रेघांवर असतं. रेघ सरकली की विधान सरकलं.

हे काम करणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. आपण त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा एक घेऊ, फ्रीसर्फर. तो बॉस्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रात वाढला आणि आजही मोफत मिळतो. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली त्याची मूळ पद्धत दोन लेखांत मांडली. जाडी मोजण्याचा फिशल आणि डेल यांचा लेख २००० सालचा. आपल्याला प्रोग्रॅमची जाहिरात करायची नाही. पण चूक कुठे शिरते हे समजायचं, तर तो पिवळ्या रेघेपर्यंत कसा पोचतो ते पाहावंच लागेल.

एमआरआय यंत्रातून आलेलं चित्र सगळीकडे सारखं उजळलेलं नसतं. एकाच खोलीत एका कोपऱ्यात दिवा असावा आणि दुसऱ्या कोपऱ्यात अंधार, तसं. तेच श्वेतद्रव्य मध्यभागी लख्ख दिसतं आणि कडेला मंद. म्हणून प्रोग्रॅम पहिल्यांदा उजळपणा सारखा करून घेतो. त्याची मापपट्टी ० ते २५५ अशी, आणि नियम असा ठेवला आहे की श्वेतद्रव्य जिथे असेल तिथे आकडा ११० यायला हवा. या ११०मध्ये निसर्गाचं काही नाही, तो ठरवलेला आकडा आहे. मग कवटी, डोळे, कातडी वगैरे काढून टाकायची. मग प्रत्येक व्हॉक्सेलविषयी निवाडा : हे श्वेतद्रव्य आहे की नाही. मग डावा आणि उजवा अर्धगोल वेगळे करायचे, खालचा मेंदूचा देठ कापून टाकायचा. जे उरलं त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान त्रिकोणांची जाळी बसवायची, ती थोडी गुळगुळीत करायची, आणि शेवटी ही जाळी हळूहळू सरकवत अशा जागी न्यायची की जिथे उजळपणा सगळ्यात झपाट्याने उतरतो. ती झाली पिवळी रेघ. आपण कापात रेघ पाहतो. वास्तविक ते त्रिमितीतलं एक सलग पृष्ठ आहे, एकेका अर्धगोलात लाखाहून जास्त बिंदूंचं. तेच पृष्ठ बाहेर ढकलत नेलं, की लाल रेघ मिळते.

हा क्रम लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या क्रमात आहे. पिवळी रेघ हा निष्कर्ष आहे. तिच्यामागे व्हॉक्सेलचे निवाडे आहेत, त्यांच्यामागे उजळपणाचे आकडे आहेत.

आता चुका. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी : श्वेतद्रव्य आहे, पण मंद दिसतंय, म्हणून प्रोग्रॅमने त्याला करडं समजलं. कानशिलाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, टेम्पोरल लोब, त्याच्या पुढच्या टोकाला हे हमखास होतं. हवेच्या पोकळ्या जवळ असल्यामुळे तिथे चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि चित्र मंद येतं. घड्यांच्या उंच टोकांतही होतं. तिथे श्वेतद्रव्याची अगदी बारीक जीभ वर गेलेली असते, एखाद-दोन व्हॉक्सेल जाडीची. प्रोग्रॅम तिला पाहतच नाही. पिवळी रेघ खालीच वळून जाते आणि त्या जागी कॉर्टेक्स उगाच जाड दिसतो. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतील, वस्तू एक, भासली दुसरी. आणि भ्रमाचं कारणही त्यांच्या यादीत बसतं : इंद्रियात दोष नाही, प्रकाश मंद आहे.

नवीन मुलगा असेल तर त्याचा हात आता लगेच रेघेकडे जातो. दिसतंय ना चुकलेलं? मग माउसने धरून रेघ इथून तिथे नेली की झालं! पण या प्रोग्रॅमच्या रीतसर पद्धतीत तसं करायचं नसतं. रेघ हलवायची नाही. ज्या पुराव्यावरून रेघ आली, त्या पुराव्यात जाऊन दुरुस्ती करायची आणि मग प्रोग्रॅमला तिथून पुढे परत चालवायचं. रेघ त्याने स्वतः नव्याने काढायची.

शेतीची मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. दोन भावांमध्ये बांधाचा वाद आहे. मोजणीला आलेला माणूस बांधावर उभा राहून 'हा दगड थोडा अलीकडे घ्या' असं म्हणू लागला, तर त्याचं कोण ऐकेल? तो काय करतो, जिच्याविषयी कुणाचाच वाद नाही अशी खूण शोधतो, जुना हद्दीचा दगड, गावची विहीर, आणि तिथून मोजत वादाच्या जागेपर्यंत येतो. बांध कोरणारा माणूसही दगडच हलवतो आणि मोजणीनंतरही दगडच हलतो. दगड कशाच्या आधारावर हलला, एवढाच दोघांत फरक.

फ्रीसर्फरमध्ये या वादातीत खुणेला कंट्रोल पॉइंट म्हणतात. पद्धत अशी. चुकलेल्या जागेच्या आसपास, पण सीमेपासून आत, असा व्हॉक्सेल शोधायचा की जो शंभर टक्के श्वेतद्रव्यातला आहे, आणि तरीही त्याचा आकडा ११०पेक्षा कमी आहे. तिथे टिंब ठेवायचं. अशी काही टिंबं, एकाच जागी गर्दी न करता, लागून असलेल्या वेगवेगळ्या कापांमध्ये पसरून ठेवायची. त्याचा अर्थ प्रोग्रॅमला एवढाच कळतो : 'हे श्वेतद्रव्य आहे, इथे ११० यायला हवे होते.' मग तो उजळपणाचा हिशोब पुन्हा करतो. टिंबाजवळचा सगळा परिसर त्या प्रमाणात उजळतो, आणि आधी हरवलेली ती बारीक जीभ आपोआप श्वेतद्रव्यात मोजली जाते. रेघ सरकते. पण ती आपण सरकवलेली नसते.

न्यायसूत्रांत दृष्टान्ताचं लक्षण सांगितलं आहे की सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचंही ज्याविषयी एकमत असतं, तो दृष्टान्त. धूर आणि अग्नीच्या अनुमानात स्वयंपाकघराचं उदाहरण येतं ते याच कारणानं. चुलीत अग्नी असतो याविषयी कुणी भांडत नाही. पर्वतावर अग्नी आहे का, हा वाद आहे, म्हणून पर्वत स्वतःच दृष्टान्त होऊ शकत नाही. कंट्रोल पॉइंटचा पहिला नियमही हाच आहे. वादाच्या जागी तो ठेवायचा नाही. सीमेवरच्या व्हॉक्सेलवर ठेवाल, तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धराल. आणि याची शिक्षा तर्कशास्त्राच्या पेपरात गुण कापून होत नाही. चुकून करड्या द्रव्यात टिंब पडलं, तर त्या करड्या द्रव्याला ११०च्या दिशेने ओढलं जातं, पिवळी रेघ बाहेर सरकते, आणि धडधाकट कॉर्टेक्स पातळ निघतो. म्हणजे दुरुस्तीतूनच आजार तयार होतो, कागदावर.

सीमेवरचा व्हॉक्सेल हे एक वेगळंच प्रकरण आहे. संध्याकाळी दूरवर काहीतरी उभं दिसतं, खांब आहे की माणूस? हे संशयाचं आपलं पाठातलं उदाहरण. तिथे जवळ गेलं की संशय फिटतो, कारण वस्तू एकच असते. सीमेवरच्या एक मिलिमीटरच्या ठोकळ्यात मात्र खरोखरच अर्धं श्वेतद्रव्य आणि अर्धं करडं असू शकतं, आणि आकडा येतो दोघांच्या मधला. जवळ जाऊन उपयोग नाही. संशय आपल्या डोळ्यात नाही, ठोकळ्यातच आहे.

कंट्रोल पॉइंट हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. समजा, तुम्ही चुकलेल्या जागी क्लिक केलं आणि आकडा ११०च आहे, व्यवस्थित. तरीही श्वेतद्रव्याच्या निवाड्यात तिथे भोक पडलंय. तर उजळपणाची दुरुस्ती करून काय साधणार? तिथे निवाडाच थेट दुरुस्त करावा लागतो, म्हणजे श्वेतद्रव्याच्या नकाशात तो व्हॉक्सेल हाताने भरावा लागतो. म्हणून आधी आकडा वाचायचा, मग औषध ठरवायचं. आमच्या पाहण्यात अशी मुलं आली आहेत, जी दिसली चूक की टाक टिंब, या पद्धतीने एकाच मेंदूत शेकडो टिंबं टाकतात. टिंबांच्या संख्येवरून कामाची निष्ठा कळते, असा त्यांचा समज असावा.

वृद्धांच्या मेंदूत एक विशेष अडचण येते. वयपरत्वे, रक्तदाबामुळे, श्वेतद्रव्यात लहान लहान डाग पडतात, विशेषतः मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेने. या प्रकारच्या चित्रात ते डाग गडद दिसतात, करड्या द्रव्यासारखे. प्रोग्रॅम त्यांना करडं समजला, तर श्वेतद्रव्यात खड्डे पडतात आणि पिवळी रेघ कधी कधी त्या खड्ड्यात शिरते. तिथे व्हॉक्सेल भरून घ्यायचे. आता विचार करा, आपण काय केलं? तो डाग निरोगी श्वेतद्रव्य नाही. तरी आपण त्याला श्वेतद्रव्य म्हटलं. हे खोटं झालं का? आमच्या मते नाही, कारण या नकाशाचा प्रश्न 'इथलं ऊतक निरोगी आहे का' असा नाहीच. 'कॉर्टेक्सच्या आतल्या बाजूची सीमा कुठे आहे' हा त्याचा प्रश्न आहे.

किंबहुना हा नकाशा मुळातच थोडा 'खोटा' आहे. पृष्ठ एकसंध, बंद असावं म्हणून प्रोग्रॅम मेंदूच्या मधल्या पोकळ्या आणि खोलवरचे करड्या द्रव्याचे गोळेही श्वेतद्रव्यात भरून टाकतो. त्यामुळे दोन्ही अर्धगोल जिथे जोडलेले असतात त्या मधल्या भिंतीवर पिवळी रेघ दिसते खरी, पण तिथे कॉर्टेक्सच नाही. जाडीच्या हिशोबातून तो भाग वगळतात. शिकाऊ माणूस हिप्पोकॅम्पसच्या आसपासची वेडीवाकडी रेघ पाहून घाबरतो आणि तिथे तासन्‌तास घालवतो. त्याची गरज नसते. काही सीमा वस्तूत असतात, काही आपण सोयीसाठी आखलेल्या असतात. सह्याद्रीचा कडा आणि तालुक्याची हद्द, दोन्ही नकाशावर रेघच असतात. कुठली रेघ कुठल्या जातीची हे कळल्याशिवाय दुरुस्तीला बसू नये.

याच्या उलट चूकही असते : जे श्वेतद्रव्य नाही ते श्वेतद्रव्यात आलं. मग ते व्हॉक्सेल खोडायचे. त्यातला एक प्रकार पाहण्यासारखा आहे. दोन घड्यांच्या मधल्या चिरेत एखादा व्हॉक्सेल चुकून भरला गेला, की दोन काठांमध्ये पूल तयार होतो. श्वेतद्रव्याच्या पृष्ठाला मग कपाच्या कानासारखा कान फुटतो. प्रोग्रॅमची अट अशी की प्रत्येक अर्धगोलाचं पृष्ठ फुगवलं तर चेंडूसारखं झालं पाहिजे. कप चेंडू होऊ शकत नाही. फार तर मेदूवडा होतो. हे तपासायला ऑयलरचं जुनं सूत्र आहे : जाळीतले शिरोबिंदू वजा कडा अधिक त्रिकोण, उत्तर २ आलं पाहिजे. प्रत्येक कानामागे ते २ने घटतं. अशी भोकं आणि कान प्रोग्रॅम स्वतःच शोधून दुरुस्त करतो, आणि बहुतेक वेळा चांगलं करतो.

पण इथे थांबा. वड्याचा चेंडू करायचे दोन मार्ग आहेत. भोक बुजवा, किंवा वडा एका बाजूला कापून सरळ करा. दोन्हींनी उत्तर २च येणार. सूत्र दोघांनाही सारखीच शाबासकी देईल. यातलं खरं कोणतं, हे सूत्राला माहीत नाही. ते चित्रात पाहावं लागतं. प्रोग्रॅम उजळपणाचा आधार घेऊन निवड करतो, पण भोक मोठं असेल तर कधी कधी चिरेवर झाकण घालून मोकळा होतो किंवा खरीखुरी घडी छाटून टाकतो. निष्कर्ष आकाराने निर्दोष, आशयाने चुकलेला. तर्कशास्त्र शिकवताना वैध अनुमान आणि सत्य निष्कर्ष यांतला भेद समजावून द्यायला आम्हांला इतकं चांगलं उदाहरण तेव्हा मिळालं नव्हतं.

लाल रेघेच्याही चुका असतात. कवटीच्या आतलं आवरण करडं समजलं जातं, वगैरे. तिथे कवटी काढलेल्या चित्रात तेवढा भाग खोडतात. पण पिवळी रेघ बरोबर आली की लाल रेघेच्या बऱ्याच तक्रारी आपोआप मिटतात, म्हणून काम पिवळीपासून सुरू करायचं. एवढं सांगून ते सोडतो.

आता खरा अवघड प्रश्न. दुरुस्ती करणारा कोण? एक माणूस, बहुधा पंचविशीतला, रात्री उशिरा, चाळिसावा मेंदू उघडून बसलेला. त्याला जर माहीत असेल की हा रुग्ण आहे आणि तो निरोगी, तर त्याचा डोळा निर्मळ राहील का? लबाडीचा प्रश्नच नाही. पण रुग्णाच्या चित्रात पातळ दिसणारा कॉर्टेक्स त्याला 'अपेक्षितच' वाटेल आणि तो पुढच्या कापाकडे जाईल. निरोगी माणसाच्या चित्रात तसाच भाग त्याला 'चूक' वाटेल आणि तो तिथे टिंब टाकेल. चाळीस मेंदूंत असं झालं, की दोन गटांत फरक निर्माण झाला, आणि तो कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यापासून निदान लपवून ठेवायचं, ही या कामातली पहिली शिस्त. सगळ्या मेंदूंना एकच लिखित नियम लावायचा. काही मेंदू दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचे आणि दोघांचं किती जुळतं ते पाहायचं. आणि एका अभ्यासातले सगळे मेंदू प्रोग्रॅमच्या एकाच आवृत्तीवर चालवायचे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच मेंदू, तीच चित्रं, फक्त फ्रीसर्फरची आवृत्ती वेगळी, एवढ्यावर जाडीत सरासरी २.८ टक्के आणि आकारमानात ८.८ टक्के फरक आढळला होता.

काही चित्रं मात्र दुरुस्तीच्या पलीकडची असतात. यंत्रात माणूस हलला, तर चित्र धूसर होतं. २०१५च्या एका प्रयोगात सहभागी लोकांना मुद्दाम डोकं हलवायला सांगून चित्रं घेतली. हालचाल जितकी जास्त, तितकं करडं द्रव्य कमी आणि कॉर्टेक्स पातळ मोजला गेला. आता यंत्रात जास्त कोण हलणार? लहान मुलं, म्हातारी माणसं, कंपवात झालेले, अस्वस्थ मनाचे रुग्ण. म्हणजे ज्यांच्याविषयी 'यांचा कॉर्टेक्स पातळ आहे' असं म्हणायला आपण टपलेले असतो, नेमके तेच! अशा चित्रावर टिंबं टाकत बसू नये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चित्र पुन्हा घ्यावं, नाहीतर वगळावं, आणि वगळलं असं लिहावं. मघाचं ऑयलरचं सूत्र इथे वेगळ्या कामाला येतं. दुरुस्तीपूर्वीच्या जाळीत किती भोकं होती, हा आकडा चित्राच्या दर्जाची बऱ्यापैकी खूण ठरतो. माणसांनी डोळ्यांनी दिलेल्या शेऱ्यांशी तो चांगला जुळतो असं २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

एवढं सगळं करून पिवळी रेघ बरोबर आली, हे कशावरून? मीमांसक म्हणतील, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध होईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतील, नाही, प्रामाण्य बाहेरून यावं लागतं. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान प्रमाण. प्रोग्रॅमच्या बाबतीत आपण सवयीने मीमांसक होतो : एरर आली नाही, म्हणजे बरोबर. तहान भागवून पाहायची सोय इथे क्वचितच असते. २००२ साली हंटिंग्टनच्या आजारावरच्या एका अभ्यासात मृत्यूनंतरच्या मेंदूच्या ऊतकाशी हे मोजमाप ताडून पाहिलं गेलं होतं, काही ठिकाणी हाताने केलेल्या मोजणीशीही ताडलं गेलं. असे आधार आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पण आपल्यासमोरच्या या मेंदूची साल उघडून पाहणार कोण?

आणि उघडली तरी काय दिसेल? दृष्टीशी संबंधित कॉर्टेक्समध्ये एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. फ्रान्चेस्को जेन्नारी या इटालियन विद्यार्थ्याने ती १७७६ साली पाहिली. ही रेघ करड्या द्रव्याच्या आत आहे, पण आहे मायलिनची. म्हणजे करड्यातही पांढरं असतं. एमआरआयला 'श्वेत' आणि 'करडं' कळत नाही, त्याला बऱ्याच अंशी मायलिन कळतं. जिथे कॉर्टेक्सच्या खालच्या थरात मायलिन दाट, तिथे तो थर उजळ दिसतो आणि पिवळी रेघ प्रामाणिकपणे बाहेर सरकते. लहानपणापासून मोठं होताना मुलांचा कॉर्टेक्स पातळ होत जातो, असं खूप वर्षं सांगितलं गेलं. २०१९ साली एका अभ्यासात दाखवलं गेलं की दृष्टीच्या कॉर्टेक्सच्या काही भागांत हे पातळ होणं मायलिन वाढण्याशी जोडलेलं आहे. साल झिजत नव्हती, आतून उजळत होती. इथे प्रोग्रॅमची चूक नाही, टिंब टाकणाऱ्याचीही नाही. रेघ जिथे उजळपणा उतरतो तिथेच आहे. तिला आपण 'जाडी' असं नाव दिलं, तिथे प्रश्न आहे. असल्या चुकीवर कंट्रोल पॉइंट चालत नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ आणि थांबू.

पहिली चिठ्ठी : 'एवढी मेहनत करून शेवटी फरक किती पडतो?' प्रामाणिक उत्तर असं, की शेकडो मेंदूंची सरासरी काढायची असेल तर हाताच्या दुरुस्तीने सरासरी अनेकदा फारशी हलत नाही. पण नमुना लहान असेल, रुग्ण वयस्कर असतील, किंवा प्रश्न टेम्पोरल लोबच्या टोकासारख्या नेमक्या चुकणाऱ्या भागाविषयी असेल, तर तिथे सरासरीच्या भरवशावर राहता येत नाही. आणि दुरुस्ती करायची नाही असं ठरवलं, तरी प्रत्येक मेंदू उघडून पाहायला हवाच. पाहणं आणि दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पर्याय नाही.

दुसरी चिठ्ठी तरुण श्रोत्याची दिसते : 'आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे काही मिनिटांत करते, मग हे टिंबांचं शास्त्र कशाला?' बरोबर आहे, करते. जर्मनीत बॉनला तयार झालेला फास्टसर्फर हा त्यातला एक, २०२०चा. जिथे जुन्या पद्धतीला कित्येक तास लागायचे, तिथे मेंदूचे भाग तो मिनिटभरात ओळखतो. पण तो शिकला कशावरून? फ्रीसर्फरने पाडून दिलेल्या भागांवरून. गुरूच्या नजरेतले दोष शिष्यात किती उतरले आणि किती गळले, हे तपासायला पुन्हा कुणीतरी काप उघडून रेघ पाहणारा लागतोच. आणि त्याच्यासाठी फ्रीसर्फरच्या रचनेत एक गोष्ट फार चांगली आहे. श्वेतद्रव्याच्या नकाशात माणसाने भरलेला व्हॉक्सेल २५५ या आकड्याने साठवला जातो आणि खोडलेला १ने. प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी ते आकडे जपले जातात. दहा वर्षांनी कुणी ती फाइल उघडली, तर यंत्राचं काय होतं आणि माणसाचं काय होतं, हे व्हॉक्सेल व्हॉक्सेल मोजून सांगता येतं. फाइल ठेवली असेल तर. पुष्कळ ठिकाणी जाडीचे तक्ते जपून ठेवतात आणि जागा वाचवायला हीच फाइल आधी पुसतात.